संमिश्र विमानरचनांची तपासणी

संमिश्र विमानरचनांची तपासणी : कार्बन किंवा काच यांचे तंतू इपॉक्सीसारख्या रेझिनात बसवून तयार केलेल्या विमानभागांतील दडलेली इजा व जीर्णता, तो भाग न मोडता, शोधून काढण्याची क्रिया. बोईंग ७८७ या विमानाच्या रचनेत वजनाने सु. ५०% संमिश्रे असतात. शिरपूर (जि. धुळे) येथे वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी वापरण्यात आलेल्या टेकनाम पी २००८ जेसी या दोन आसनी विमानाचे धड कार्बन संमिश्राचे व पंख धातूचे असतात, त्यामुळे एकाच विमानाला दोन्ही प्रकारची तपासणी लागते.

इजा व जीर्णता : धातूच्या पत्र्यावर आघात झाल्यास खळगा उमटतो. संमिश्राचा पृष्ठभाग मात्र लवून पूर्ववत होऊ शकतो. बाहेरचा रंग शाबूत राहतो आणि आतील थर एकमेकांपासून सुटतात. सुटलेले पातळ थर दाबाखाली सहज वाकत असल्याने त्या भागाची दाब सोसण्याची क्षमता बरीच घटते. गारा, धावपट्टीवरील खडे, पक्ष्यांची धडक, हातून पडलेली हत्यारे व सेवावाहनांचे धक्के ही अशा इजेची नेहमीची कारणे होत. हवेतील आर्द्रता रेझिनात हळूहळू मुरते व ते मऊ पडण्याचे तापमान खाली येते. जळगाव-धुळे भागात उन्हाळ्यात हवेचे तापमान ४०° से. च्या वर जाते आणि उन्हात उभ्या असलेल्या विमानाचा पृष्ठभाग त्याहून बराच अधिक तापतो. म्हणूनच अशा विमानांना बहुधा पांढरा रंग देतात. रंगामुळे जंबुपार किरणांपासूनही रेझिनाचे रक्षण होते.

पद्धती : प्रथम चांगल्या उजेडात डोळ्यांनी पाहणी करतात. नंतर नाणे किंवा लहान हातोडीने पृष्ठभाग ठोकतात; निकोप भागाचा आवाज खणखणीत, तर थर सुटलेल्या भागाचा बद्द येतो. जाड भागातील खोल दोष या रीतीने कळत नाहीत. त्यासाठी श्राव्यातीत ध्वनितरंग आत सोडून त्यांचे प्रतिध्वनी तपासतात. मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या गाभ्यात शिरलेले पाणी अवरक्त छायाचित्रणाने किंवा क्ष-किरणांनी ओळखता येते.

मर्यादा : ६ मार्च २००५ रोजी क्यूबाहून निघालेल्या एअरबस ए ३१० विमानाचे संमिश्र सुकाणू उड्डाणात तुटून पडले, विमान परत फिरून सुखरूप उतरले. केवळ पाहणी व ठोकून पाहणे पुरेसे नाही, हे या घटनेने दाखवून दिले. चिकटवलेले दोन पृष्ठभाग एकमेकांना टेकलेले असूनही बंध दुबळा असेल, तर प्रचलित पद्धतींनी तो खात्रीने ओळखता येत नाही. म्हणून डोळ्यांना न दिसणारी इजा असतानाही रचना पूर्ण अभिकल्पित भार पेलेल, अशा बेताने ती मुळातच बांधतात. परंतु मोठ्या आघाताला ही तरतूद पुरत नाही. त्यामुळे विमानाला बसलेला धक्का, खूण दिसत नसली तरी, तत्काळ कळविणे हा तपासणीचा पहिला टप्पा ठरतो.