एअरगनला परवाना लागत नाही. मग ती कुठेही, कशावरही चालवता येते का?

धान कापणीला आलं, वानरांची टोळी कवेलूंवर उतरली किंवा मामा तलावावर बदकं दिसली, की गावात कुणाच्या तरी घरातली एअरगन बाहेर निघते. सोबत एक वाक्य ठरलेलं असतं, ‘याला काय, लायसन लागत नाही.’ हे वाक्य अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं माहीत नसेल तर प्रकरण तुरुंगापर्यंत जाऊ शकतं आणि त्याआधी कुणाचा तरी डोळा जाऊ शकतो.

परवाना नेमका कशाला लागत नाही?

शस्त्र नियम, २०१६ नुसार दोन्ही अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात. नळीचा व्यास ०.१७७ इंच, म्हणजे ४.५ मिलिमीटरपेक्षा जास्त नको. आणि नळीतून सुटताना छर्ऱ्याची ऊर्जा २० ज्यूलपेक्षा जास्त नको. त्यामुळे ०.२२ बोअरच्या, म्हणजे साडेपाच मिलिमीटरच्या एअरगनला परवाना लागतो. जास्त ताकदीची स्प्रिंग टाकून घेतलेली ०.१७७ ची बंदूकही २० ज्यूलच्या वर गेली, तर सवलत संपली.

२० ज्यूल हा आकडा किरकोळ वाटतो. गणित करून पाहू. साधा छर्रा अर्ध्या ग्रॅमच्या आसपास भरतो. २० ज्यूल ऊर्जेला त्याचा वेग होतो सेकंदाला सुमारे २८३ मीटर, म्हणजे ताशी हजार किलोमीटरच्या पुढे. प्रवासी विमान साधारण ९०० च्या वेगाने उडतं. डोळा फुटायला या वेगाचा चौथा हिस्साही पुरतो.

तुलनेसाठी, १० मीटर एअर रायफल स्पर्धेतल्या रायफलचा छर्रा सेकंदाला १७० मीटरच्या आसपास सुटतो. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोत याच प्रकारात जगज्जेता झाला. तिथे दहा गुणांचा ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा असतो. म्हणजे ‘वानरं हाकलायची’ म्हणून आणलेली बंदूक जगज्जेत्याच्या रायफलपेक्षा जोरकस असू शकते. जवाहरनगरच्या आयुध निर्माणीमुळे भंडाऱ्याला बारुदाचा धाक वेगळा सांगावा लागत नाही. एअरगनमध्ये बारूद नसते, म्हणून तिला खेळणं समजलं जातं एवढंच.

वानराला नुसता एक छर्रा मारला तर?

ती कायद्याने शिकार आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मधल्या शिकारीच्या व्याख्येत मारणं तर येतंच. जखमी करणं आणि तसा प्रयत्न करणंही येतं. जनावर मेलं नाही, हा बचाव होत नाही. शस्त्राला परवाना लागत होता की नाही, हा प्रश्नही इथे येत नाही. लंगूर संरक्षित आहे. हिवाळ्यात तलावांवर उतरणारी चक्रवाक, पट्टकादंबासारखी पाहुणी मंडळीही संरक्षित आहेत. मोर तर थेट अनुसूची १ मध्ये.

२०२२ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण गुन्ह्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. अनुसूची १ मधला प्राणी असेल किंवा शिकार अभयारण्यात झाली असेल, तर किमान ३ आणि कमाल ७ वर्षं कैद, शिवाय किमान २५ हजार रुपये दंड. गुन्ह्यात वापरलेली आणि जप्त झालेली बंदूक सरकारजमा होते.

आपल्या जिल्ह्यात एक गोष्ट जास्त लागू होते. कोका अभयारण्य, नवेगाव-नागझिऱ्याचा भाग, पवनीकडे उमरेड-पवनी-कऱ्हांडला. लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र घेऊन शिरणं हाच गुन्हा आहे. ‘चालवली नाही, गाडीत होती’ म्हणून सुटका होत नाही.

मग पिकाचं काय, हा शेतकऱ्याचा प्रश्न रास्त आहे. रानडुक्कर, हरीण, नीलगाय, वानर यांनी केलेल्या पीकहानीची भरपाई वनविभाग देतो. नुकसान झाल्यापासून ३ दिवसांच्या आत जवळच्या वनरक्षकाला किंवा वनक्षेत्र कार्यालयाला कळवायचं, पंचनामा मागायचा, फोटो काढून ठेवायचे. ही प्रक्रिया किचकट आहे, मान्य. वनविभागाची हेल्पलाइन १९२६.

एअरगनमुळे पाखरं कशी संपतात, हे अरुणाचल प्रदेशाने ओळखलं. २०२१ मध्ये तिथे ‘एअरगन सरेंडर अभियान’ सुरू झालं. लोकांनी स्वतःहून १,६०० हून अधिक एअरगन जमा केल्याचा उल्लेख पंतप्रधानांनी जानेवारी २०२२ च्या ‘मन की बात’मध्ये केला होता.

घरात असेल तर

रिकामी आहे असं कितीही वाटलं तरी नळी माणसाकडे वळवायची नाही. ट्रिगरवर बोट नेम धरल्यावरच. बंदूक ताणून ठेवायची नाही, छर्रे वेगळ्या कुलपात. मुलं मोठ्या माणसाशिवाय हात लावणार नाहीत आणि चालवणारा, बघणारा दोघांच्याही डोळ्यांवर सुरक्षा चष्मा हवा. मधून मोडणारी बंदूक भरताना नळी हाताने घट्ट धरा. ती सुटली तर बोटं चिरडू शकतात. छर्रे शिशाचे असतात, नंतर हात धुवा.

निशाण्यामागे काय आहे, हे सगळ्यात महत्त्वाचं. मागे मातीचा ढीग किंवा वाळूची पोती हवीत. चुकलेला छर्रा काही शे मीटर जातो. दगड, पत्रा आणि पाण्यावरूनही तो उसळतो, त्यामुळे तलावाच्या दिशेने झाडलेला छर्रा पलीकडच्या काठावरच्या माणसाला लागू शकतो. निष्काळजीपणाने कुणाला गंभीर दुखापत झाली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ खाली ३ वर्षांपर्यंत कैद आहे. मृत्यू झाला तर कलम १०६ खाली ५ वर्षांपर्यंत. गुरं-कुत्र्यांना मारणं वा लुळं करणं यासाठी कलम ३२५ आहे.

छर्रा लागलाच तर

घरी चिमट्याने काढायला जाऊ नका. बाहेरची जखम बारीक दिसते, छर्रा आत खोल गेलेला असतो. डोळ्याला लागला असेल तर चोळू नका, धुऊ नका, दाबून पट्टी बांधू नका. कागदी कपाचा तळ डोळ्यावर अलगद धरून चिकटवा. शस्त्रक्रिया लागू शकते, म्हणून जखमीला काही खायला-प्यायला देऊ नका. १०८ ला फोन करा आणि डॉक्टरांना ‘काडी लागली’ असं न सांगता एअरगनचा छर्रा लागल्याचं स्पष्ट सांगा. त्याशिवाय एक्स-रेमध्ये काय शोधायचं हे त्यांना कळणार नाही.