मालवाहतुकीतील चोरी व तिचा बंदोबस्त

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत दिवे लागण्याच्या सुमारास उभे राहिले, म्हणजे मालाने भरलेल्या गाड्या एकामागून एक बाहेर पडताना दिसतात. कोणात हळदीची पोती, कोणात शीतगृहातून काढलेल्या बेदाण्याच्या पेट्या, कोणात सूत, तर कोणात यंत्रांचे सुटे भाग. हा माल ज्याच्या दारी पोहोचावयाचा, त्याच्यापर्यंत तो अनेक हातांतून जातो. वाटेत त्यातला काही नाहीसा झाला, तर पहिला संशय कोणावर येतो हे श्रोत्यांना सांगावयास नकोच. गाडी ज्याच्या हाती, चोर तोच, असा व्यवहारात शिरस्ता पडून गेला आहे.

आमची जवळजवळ तीस वर्षे हमाल व ट्रकचालक यांच्या संघटनेत गेली. शाळा सातवीतच सुटली. पुढचे शिक्षण हुंडेकऱ्यांच्या पावत्या आणि कायद्याची पुस्तके वाचून झाले. त्या अनुभवावरून एकच गोष्ट आज मांडावयाची आहे. माल एका हातातून दुसऱ्या हातात जातो, तो क्षण चोरीला सर्वांत सोयीचा असतो. तेवढा क्षण नीट बांधून घेतला, तर बरीचशी चोरी बंद होते, आणि जी होते ती कोठे झाली हे कळते.

प्रथम एक हकीगत सांगतो. काही वर्षांपूर्वी येथून एक दहाचाकी गाडी हळद घेऊन उत्तरेकडे गेली. कागदावर पोती तीनशे, प्रत्येकी पन्नास किलोंची. मुक्कामी उतरली दोनशे शहाण्णव. मालकाने चालकाचा दोन महिन्यांचा पगार अडकवून ठेवला. चालक आमच्याकडे आला. त्याचे म्हणणे एवढेच, की ताडपत्रीची दोरी जशी बांधली होती तशीच मुक्कामी सोडली. आम्ही वजनकाट्याच्या दोन्ही पावत्या मागितल्या. भरलेल्या गाडीच्या वजनातून मोकळ्या गाडीचे वजन वजा केले, तेव्हा माल भरला चौदा हजार आठशे किलो. पंधरा हजार हवा होता. म्हणजे चार पोती गाडीत चढलीच नव्हती! वखारीत शोध घेतला, तेव्हा ती दुसऱ्या व्यापाऱ्याच्या थप्पीला लागून उभी होती. ती तेथे चुकून राहिली की कोणी ठेवली, हे शेवटपर्यंत ठरले नाही. पावत्या पहिल्या दिवसापासून कचेरीतल्या फायलीत होत्या. त्या उघडून पाहण्याची तसदी मात्र कोणी घेतली नव्हती.

यावरून पहिला नियम निघतो, तो मोजणीचा. आपल्या बाजारपेठांत धान्य मापताना पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणण्याची रीत होती. तीत शुभशकुन होता, तसेच एक शहाणपणही होते. मोजणी मोठ्याने, चारचौघांच्या कानांवर पडेल अशी होत असे. आज रात्री घाईने गाडी भरतात, मोजणारा चहाला जातो, आणि परत येऊन अंदाजाने आकडा मांडतो. त्याऐवजी पोती थराने लावावीत. एका थरात तीस, तर दहा थरांची तीनशे. प्रत्येक थर पुरा झाला की वखारीचा माणूस आणि चालक या दोघांनी सही करावी. चालकाला आपला माल मोजून घेण्याचा हक्क आहे, आणि त्यासाठी लागणारा वेळ त्याला दिला पाहिजे. ‘सही कर आणि नीघ’ असे म्हणणारा मालक स्वतःच चोराला दार उघडून देतो.

दुसरा नियम वजनाचा. काटा वर्षातून एकदा वैधमापन खात्याकडून तपासून घ्यावा लागतो. त्याचे प्रमाणपत्र पाहावे. परंतु काटा खरा असूनही फसवणूक होते. मोकळी गाडी तोलल्यावर कोणी टाकीत तीनशे लिटर डिझेल भरले, तर गाडी सुमारे अडीचशे किलोंनी जड होते. म्हणजे पाच पोती कमी भरूनही काट्यावर वजन बरोबर दिसते. म्हणून दोन्ही वेळा टाकी किती भरली होती हे पावतीवर लिहावे. उलट, उन्हाळ्याच्या लांब प्रवासात माल वाळून वजन थोडे घटते, तेव्हा त्या घटीला चोरी म्हणणे अन्यायाचे होईल. याकरिता नग आणि वजन ही दोन्ही पाहावीत. एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघते.

तिसरा नियम बांधणीचा. बंद पेटाऱ्याच्या गाडीला क्रमांकाचे सील लावता येते, आणि तो क्रमांक बिल्टीवर लिहून मुक्कामी ताडून पाहता येतो. उघड्या गाडीवरील ताडपत्रीला सील कसले, असे पुष्कळांना वाटते. परंतु देशोदेशींच्या सीमा ओलांडणाऱ्या गाड्यांसाठी १९७५ साली एक आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यात २०१७ साली भारतही सामील झाला. त्यातील पद्धत अशी की, ताडपत्रीच्या सर्व कड्यांतून एकच अखंड दोरी ओवावयाची आणि तिची दोन टोके एकत्र आणून त्यांवर सील करावयाचे. दोरी कापल्यावाचून ताडपत्री उघडत नाही. ही युक्ती आपल्या हळदीच्या गाडीलाही का लावू नये?

अर्थात दोरी कापणारेही आहेत. सोलापूर–धुळे रस्त्यावर चालत्या गाडीवर चढून, ताडपत्री फाडून माल खाली टाकल्याच्या बातम्या वारंवार येतात. चढावर गाडी मंदावते, चालक पेंगुळलेला असतो, आणि मागचे त्याला दिसत नाही. येथे प्रश्न चालकाच्या झोपेचा आहे. मोटार वाहतूक कामगारांच्या १९६१ च्या कायद्याने दिवसाला आठ तासांचे काम ठरविले होते. त्या कायद्याची जागा २०२० च्या संहितेने घेतली व ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. राष्ट्रीय परवान्याच्या गाडीवर दोन चालक असण्याची सक्ती मात्र २०१८ साली उठली. एकटा माणूस दोन रात्री जागून गाडी हाकतो आणि तिसऱ्या रात्री निर्जन जागी झोपतो. दुसऱ्या चालकाचा पगार वाचविणारा मालक तो पगार पुढे गेलेल्या मालाच्या रूपाने भरतो. थांबे आधी ठरवावेत, ते उजेडाच्या व पहाऱ्याच्या जागी असावेत, आणि चालकाला तेथे पोटभर झोप मिळावी.

उपग्रहावरून गाडीचा ठावठिकाणा दाखविणारे यंत्र आता पुष्कळ गाड्यांवर असते. ते उपयोगी आहे. पण गाडी कोठे आहे एवढेच ते सांगते, गाडीत काय उरले आहे हे सांगत नाही.

चौथा नियम कागदाचा. काही वेळा गाडीच्या गाडी नाहीशी होते. खोटी नंबरपाटी, खोटा परवाना घेऊन कोणी येतो, माल भरून घेतो आणि दिसेनासा होतो. म्हणून गाडीची नोंदणी सरकारी नोंदीत पाहावी, इंजिन व चासीचा क्रमांक ताडावा, आणि गाडीमालकाशी बोलताना समोरच्याने दिलेल्या नंबरावर विसंबू नये. तो स्वतंत्रपणे मिळवावा. बिल्टीवर मालाची खरी किंमत लिहावी. २००७ च्या रस्ता वाहतूक कायद्याखालील नियमांप्रमाणे, जास्त किंमत आधी जाहीर केली नसेल तर हुंडेकऱ्याची जबाबदारी भाड्याच्या दहापटीवर थांबते. नुकसानीची लेखी नोटीस माल नोंदविल्यापासून १८० दिवसांच्या आत द्यावी लागते. चोरी उघडकीस येताच ११२ ला कळवावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या कायद्याप्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, जवळच्या ठाण्यात फिर्याद देता येते.

आता आमच्या बाजूचेही बोलले पाहिजे. आमच्यातही चोर आहेत. ढाब्यावर पोते विकणारा चालक आम्ही पाहिला आहे, आणि संघटनेने त्याची बाजू घेतली नाही. ज्याच्यावर भरवसा ठेवून माल सोपविला, त्यानेच तो खाल्ला, तर कायद्यात सात वर्षांपर्यंत कैद आहे, आणि ती योग्यच आहे. पण कुंपण शेत खाते म्हणून सारी कुंपणे उपटावयाची नसतात. पगारातून नुकसान कापण्यासंबंधी १९३६ च्या कायद्याने जे तत्त्व घातले, तेच आता वेतन संहितेत आहे: नुकसान त्या माणसाच्या हयगयीमुळेच झालेले असले पाहिजे, आणि त्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी दिल्यावाचून एक पैसाही कापता येत नाही. बेकायदा कपातीने चोरी थांबत नाही. उलट, ज्याला न केलेल्या चोरीची शिक्षा भोगावी लागते, त्याच्या मनात ‘मग करूनच का भोगू नये’ हा विचार येऊ शकतो. शिवाय, दंड चालकाकडून वसूल झाला की वखारीतली फट शोधण्याची कोणाला गरजच उरत नाही, आणि खरा चोर पुढच्या गाडीची वाट पाहतो.

हळदीच्या त्या चालकाला त्याचा पगार पुढे मिळाला. कोणी त्याची क्षमा मागितली नाही. महिनाभराने तो नोकरी सोडून गेला, जाताना म्हणाला, “साहेब, पैसे मिळाले, पण अड्ड्यावर माझे नाव अजून ‘चार पोती’च आहे.” अठरा वर्षे गाडी चालविलेला तो माणूस होता. काट्याची पावती पहिल्याच दिवशी कोणी वाचली असती, तर त्याचे नाव राहिले असते, आणि मालकाचा चांगला चालकही राहिला असता. म्हणून मोजणी करा, ती दोघांच्या सहीने करा, आणि संशय घेण्यापूर्वी पावती वाचा.