घाबरटपणा रक्तात असतो का?



लासलगावात लिलाव बंद पडले की व्यापाऱ्यांच्या खळ्यावर कांदा निवडणाऱ्या बायांची मजुरी थांबते. घरोघरी ताण येतो. एकाच घरातला एक भाऊ धडपड करून दुसरे काम शोधतो. दुसरा कोपऱ्यात बसून राहतो, जेवतही नाही. मग म्हातारी माणसे म्हणतात, "बापावर गेलाय, रक्तातच आहे त्याच्या." हे कितपत खरे आहे? शास्त्रज्ञांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून याचे बरेचसे उत्तर मिळते.

कांद्याचे जसे वाण असतात, तसे प्रयोगशाळेतल्या उंदरांचेही असतात. भाऊ-बहिणींचे मिलन सलग २० पिढ्या घडवले की शुद्ध वाण तयार होतो. त्यातले सगळे उंदीर जनुकांनी जवळजवळ सारखे असतात. 'विस्टार-क्योटो' हा असाच एक वाण. पाण्याच्या भांड्यात सोडल्यावर दुसऱ्या वाणांचे उंदीर बराच वेळ बाहेर पडण्यासाठी पोहतात. विस्टार-क्योटो लवकर हातपाय गाळून नुसता तरंगत राहतो. अनोळखी जागेत तो फारसा फिरत नाही. ताण दिला की त्याच्या पोटात व्रणही लवकर होतात. म्हणजे ताणापुढे कोण कसा वागेल यात जनुकांचा वाटा आहे, हे मान्य केलेच पाहिजे.

पण गोष्ट इथे संपत नाही. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात याच वाणातून दोन प्रकारचे उंदीर पिढ्यान्‌पिढ्या निवडून वाढवले: एक जन्मतः उदास वागणारा, दुसरा तसा नसलेला. २०१६ साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. उदास उंदरांना काही आठवडे मोठ्या पिंजऱ्यात, खेळणी आणि लपायला जागा देऊन ठेवले. त्यांची उदासी बरीच कमी झाली. उलट ज्यांच्या जनुकांत उदासी नव्हती, त्यांना वारंवार जखडून ठेवून ताण दिला, तर तेही उदास वागू लागले.

कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातले प्रयोगही लक्षात ठेवण्यासारखे आहेत. काही उंदरीण माता पिल्लांना खूप चाटतात, काही कमी. जास्त चाटलेली पिल्ले मोठेपणी ताणाला कमी घाबरतात. मग पिल्लांची अदलाबदल केली. कमी चाटणाऱ्या आईची पिल्ले मायाळू आईकडे वाढली आणि धीट झाली. ताण आवरणाऱ्या जनुकाचे काम आईच्या स्पर्शाने बदलते, असे २००४ साली याच शास्त्रज्ञांनी दाखवले.

उपाशीपणाही शरीरावर खूण ठेवतो. पुण्यातल्या संशोधकांनी विस्टार उंदरांना ५० पिढ्या अर्धपोटी ठेवले होते. २०१५ साली त्याचे निष्कर्ष आले. पुढे दोन पिढ्या पोटभर अन्न देऊनही मधुमेहाकडे नेणारे बिघाड गेले नाहीत. हा अभ्यास ताणाचा नव्हे, पण पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले दुखणे 'रक्ताचे' वाटते, तेव्हा त्यामागे भूकही असू शकते, हे त्यातून कळते.

आता कोणी म्हणेल, वाण असतात तर माणसांच्या जातीही तशाच. मुळीच नाही. २० पिढ्या भाऊ-बहिणींतून जन्मलेला माणसांचा कोणताही समाज नाही. जातीमुळे रक्त शुद्ध राहते हा दावा बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिप्रथेचे निर्मूलन' मध्ये खोडून काढला. त्याआधी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी आपल्या शेजारच्या येवल्यातच त्यांनी जाहीर केले होते की जन्माने मिळालेला धर्म मरेपर्यंत वागवायचा नाही.

तेव्हा घरात काय करावे?

• मुलांसमोर "हा भित्राच आहे" म्हणू नका. लहान बाळाला जवळ घ्या, तेल लावून चोळा, त्याच्याशी बोला. बापानेही हे करावे.
• गरोदर बाईला मारहाण, उपास, टोमणे नकोत. तिच्या ताणाचा परिणाम पोटातल्या बाळावर होतो.
• आई-वडिलांना मनाचा आजार असेल तर मुलांना धोका थोडा जास्त असतो. ते लपवू नका, लवकर लक्ष द्या.
• दोन आठवडे झोप नाही, जेवण नाही, कशात मन नाही, असे असेल तर डॉक्टरला दाखवा. भगताकडे जाऊ नका. जीव नकोसा झाल्याचे कोणी बोलले तर त्याला एकटे सोडू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या.
• सरकारच्या 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. फोन मोफत आहे, मराठीत बोलता येते.
• खोली लहान असली तरी विहारात, वाचनालयात, मैदानावर मुलांना पाठवा. उंदरांना मोठ्या पिंजऱ्याने जे दिले, ते आपल्या मुलांना मोकळी जागा आणि सोबती देतात. वस्तीत ती जागा नसेल तर ग्रामपंचायतीकडे सर्वांनी मिळून मागा. ती मागणीही आरोग्याचीच आहे.