ओटीपोटात दुखतंय, पांढरं जातंय : साधं इन्फेक्शन की काही गंभीर?

माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या कारखान्यांचं गाळप सुरू झालं की बारामती-इंदापूरच्या फडांवर बीडकडच्या ऊसतोड टोळ्या येतात. खाडा पडला तर पैसे कापले जातात, म्हणून ओटीपोटातलं दुखणं बायका अंगावर काढतात. गावातल्या बायकाही तेच करतात. तिथे लाज आड येते.

पीआयडी म्हणजे काय?
योनीमार्गातले जंतू वर चढले की गर्भाशय, गर्भनलिका आणि अंडाशयाला सूज येते. यालाच पीआयडी म्हणतात. ओटीपोटात दुखतं, अंगावरून वास येणारं पांढरं जातं, संबंधाच्या वेळी त्रास होतो, कधी तापही येतो. बहुतेकदा अँटिबायोटिकचा पूर्ण कोर्स घेतल्यावर बरं वाटतं. नवऱ्यालाही उपचार लागू शकतात.

मग धोका कुठे आहे?
दोन गंभीर आजार सुरुवातीला असेच दिसतात.

पहिला : गर्भनलिका आणि अंडाशयात पू साठून होणारं गळू. ते फुटलं तर जंतू पोटात आणि रक्तात पसरतात आणि काही तासांत जिवावर बेततं.

दुसरा : जननेंद्रियांचा टीबी. टीबीचे जंतू बहुधा फुफ्फुसातून रक्तावाटे गर्भनलिकेत पोचतात. खोकला असेलच असं नाही. नेहमीच्या अँटिबायोटिकने दुखणं जात नाही, पाळी कमी होते, दिवस राहत नाहीत. गर्भाशयाच्या अस्तराचा छोटा तुकडा तपासायला पाठवतात. औषधं साधारण ६ महिने चालतात आणि सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

पिशवी काढली की सुटका?
नाही. टीबी असेल तर औषधं घ्यावीच लागतात. बीडमध्ये २०१९ च्या सरकारी समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. कुणी ऑपरेशन सुचवलं तर आधी नेमका आजार विचारा, दुसऱ्या डॉक्टरांचंही मत घ्या.

कधी थांबू नये?
• ताप, थंडी आणि ओटीपोटात जोराची कळ
• चक्कर, धाप, बरळणं, लघवी कमी होणं
• पाळी चुकलेली असताना पोटात दुखणं
• औषध सुरू करून ३ दिवस झाले तरी उतार नाही

पहिल्या तिन्हींत लगेच १०८ ला फोन करून मोठं रुग्णालय गाठा. बारामतीत सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. शेवटच्यात त्याच दिवशी डॉक्टरांकडे परत जा आणि विचारा, "गळू किंवा टीबी तर नाही ना?"