सोळा आणे चांदी, आठ आणे चांदी

सरकारने १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आणली आणि आणे-पै गेले. मराठी भाषेने मात्र ती नाणी अजून मोडीत काढलेली नाहीत. खरे बोलणे आजही 'सोळा आणे' खरे असते आणि आवाज 'खणखणीत' असतो! घरोघरच्या खुर्द्याच्या डब्यांनीही ती जपली आहेत. दिवाळीच्या साफसफाईत असा डबा पालथा घातला की ढब्बू पैसा निघतो, भोकाचा पैसा निघतो, एखादी पावलीही निघते, आणि लगेच प्रश्न येतो : यात चांदीचे कोणते?

गेल्या दिवाळीच्या तोंडावर कोपरला आमच्या शेजारच्या आजी असाच डबा घेऊन आल्या. म्हणाल्या, "सर, नातीची फी भरायचीय. सासूबाईंच्या वेळचे अकरा रुपये आहेत. सराफ म्हणतो, चार खोटे, बाकी सारी निम्मी चांदी. तुम्हाला नाण्यांचा नाद आहे, जरा बघा हो."

मी लोहचुंबक काढले. चार रुपये टपकन चिकटले. ते १९४७ सालचे, पाठीवर वाघ असलेले. खोटे नव्हेत, पण निकेलचे. चांदी चुंबकाला दाद देत नाही. उरलेल्या सातांची साले वाचली. पाच निघाले १९४० ते १९४५ मधले. युद्धकाळात, १९४० पासून, रुपयातली चांदी निम्म्यावर आणली गेली होती. इथवर सराफ बरोबर होता.

उरलेले दोन मात्र १९१९ चे, पाचव्या जॉर्जचे! त्या सोळा आण्यांच्या रुपयात शुद्ध चांदी चौदा आणे आठ पै. वजन एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, पैकी चांदी सुमारे १०.७ ग्रॅम. निम्म्या चांदीच्या रुपयात ती भरते ५.८. सातही एकाच भावाने गेले असते, तर आजींची जवळजवळ दहा ग्रॅम चांदी फुकट गेली असती.

शिवाय त्या चांदीचा प्रवास पाहा. पहिल्या महायुद्धात इथे रुपयांची एवढी टंचाई झाली, की १९१७ साली एक रुपयाची नोट काढावी लागली. पुढे १९१८ मध्ये अमेरिकेने आपले चांदीचे डॉलर वितळवून ती चांदी हिंदुस्थानसाठी विकली. आजींच्या रुपयात एखादा डॉलर विरघळलेला नसेलच, असे कोणी सांगावे?

तेव्हा वाचकहो, डबा उघडाल तेव्हा चुंबक आणि साल, ही दोन साधने जवळ ठेवा. १९३९ चा रुपया दिसला तर जाणकाराला दाखवल्यावाचून मोडू नका. तो दुर्मिळ आहे, आणि म्हणूनच त्याच्या नकलाही फिरतात. आणि पूजेसाठी नाणी राख-चिंचेने घासू नका. संग्राहक झळाळी पाहत नाही, ठसा पाहतो. साध्या पाण्याने धुतलेल्या रुपयावर लक्ष्मी रुसत नाही!

आजींनी निम्म्या चांदीचे पाच मोडले. फीचा पहिला हप्ता भागला. १९१९ चे दोन त्यांनी नातीच्या नावाने ठेवले. निकेलचे चार मला देऊ लागल्या. मी ते पुन्हा डब्यात टाकले. म्हटले, "राहू द्या आजी, वाघ आहेत. राखण करतील."