जुन्या झेनच्या झाकणाखाली

मारुतीची झेन १९९३ साली बाजारात आली आणि २००६ साली तिचे उत्पादन थांबले. लहान, हलकी, पळायला चपळ अशी ही गाडी काही हौशी मालकांनी अजून जपून ठेवली आहे. एमएच-२१ अशी पाटी लावलेली एखादी झेन जालन्यातही दिसून जाते. अशा मालकाला लोक विचारतात, ‘गाडी किती किलोमीटर झाली?’ आम्ही वेगळा प्रश्न विचारू: रेडिएटरमध्ये पाणी कुठले घालता?

झेनचे ९९३ घनसेंटिमीटरचे इंजिन अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे आहे. हा धातू उष्णता झटकन वाहून नेतो. पण तापला की ओतीव लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतो. इंजिन एकदा जरी प्रमाणाबाहेर तापले तरी त्याचे हेड वाकू शकते. मग गॅस्केटमधून पाणी तेलात उतरते आणि दुरुस्तीचा खर्च जुन्या गाडीच्या किमतीला गाठतो. भंगार वितळवून सळया करणाऱ्या भट्ट्या जालन्यात आहेतच!

मे महिन्यात इथे पारा चाळिशी ओलांडतो. रेडिएटरमधील पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातील फरक कमी होतो, त्यामुळे उष्णता सावकाश बाहेर पडते. त्यात बोअरचे पाणी. बेसॉल्ट खडकातून येणाऱ्या या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट विरघळलेले असते. पाणी तापले की त्यातून कार्बोनेट खाली बसते. बंबात साचणारा पांढरा थर तो हाच. उष्णतेचा तो मंदवाहक असल्याने धातूची उष्णता पाण्यापर्यंत पोहोचू देत नाही.

आता झाकणाकडे पाहू. त्यातली स्प्रिंग आणि रबरी चकती आत सुमारे एक वातावरण इतका जादा दाब राखतात. प्रेशर कुकरचेच तत्त्व! सुमारे ५०० मीटर उंचीवरच्या जालन्यात उघडे पाणी साधारण ९८ अंशांना उकळते. या दाबाखाली ते ११८ अंशांच्या आसपास उकळते. रबर मात्र गाडी उभी असली तरी वयोमानाने कडक होते. दाब टिकेनासा झाला की हेडजवळ पाण्याची वाफ होते, आणि वाफ पाण्याइकी उष्णता उचलू शकत नाही. पंधरा वर्षांनंतर नोंदणीच्या नूतनीकरणासाठी गाडी तपासली जाते. पण ही चकती मालकानेच पाहायची असते.

बोअरच्या पाण्याऐवजी ऊर्ध्वपातित पाणी आणि एथिलीन ग्लायकॉल यांचे मिश्रण घालावे. त्यातली गंजरोधक द्रव्ये काळानुसार संपतात, म्हणून ते किलोमीटरवर न जाता ठरावीक मुदतीने बदलावे.

बंबातल्या थराचा तुकडा वर्गात आणून त्यावर लिंबाचा रस टाकावा. बुडबुडे येतात ते कार्बन डायऑक्साइडचे. रेडिएटरचे झाकण दाखवायचे असेल तर इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच काढावे. गरम असताना दाब सुटला की आतले पाणी क्षणात उसळून अंगावर येते.