अंतर आणि वेळ (भाग ५) : फूटभर मागे, तरीही विक्रम

गेल्या आठवड्यात दहा हजार मीटरच्या फेऱ्यांचा हिशेब पाहिला. आज त्याहून आखूड, पण पायांची सत्त्वपरीक्षा घेणारी शर्यत : ३००० मीटर स्टीपलचेस.

या शर्यतीत २८ वेळा अडथळा आणि सात वेळा पाण्याचा खड्डा ओलांडायचा असतो. पुरुषांसाठी अडथळ्याची उंची ९१.४ सेंटिमीटर. साध्या हर्डलसारखा तो धक्क्याने आडवा होत नाही. पाय अडकला तर धावपटूच पडतो. पाण्याचा खड्डा अडथळ्यालगत सर्वांत खोल असतो आणि पुढे उथळ होत जातो. म्हणून लांब उडी घेणाऱ्याचे पाय कमी भिजतात आणि त्याची लयही कमी मोडते. दमलेल्या पायांना शेवटच्या फेरीत नेमकी हीच उडी महाग पडते.

भारतात या शर्यतीचा विक्रम गोपाल सैनी यांच्या नावावर होता : ८ मिनिटे ३०.८८ सेकंद, टोकियो, १९८१. बीड जिल्ह्यात, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे त्यानंतर तेरा वर्षांनी जन्मला. सैन्यात महार रेजिमेंटमध्ये असताना प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला स्टीपलचेसकडे वळवलं. २०१८ मध्ये भुवनेश्वरला त्याने ८ मिनिटे २९.८० सेकंदांची वेळ दिली आणि ३७ वर्षांचा विक्रम मोडला. मग त्याला थांबणं ठाऊकच नव्हतं. २०१९ मध्ये दोह्याच्या जागतिक स्पर्धेत, प्राथमिक फेरीत इतरांमुळे अडखळूनही त्याने नवा विक्रम केला. भारताचं अपील मान्य होऊन अंतिम फेरी मिळाली, तेव्हा तिथे आणखी एक.

आणि मग ६ ऑगस्ट २०२२, बर्मिंगहॅम. राष्ट्रकुल स्पर्धेत १९९८ ते २०१८ या सहाही खेपांना या शर्यतीची तिन्ही पदकं केनियाने नेली होती. या वेळीही आघाडीला केनियाचेच तिघे होते, त्यात ऑलिंपिक विजेता कॉन्सेस्लस किप्रुटो. साबळेने त्यांची पाठ सोडली नाही. अखेरच्या टप्प्यात दोघांना मागे टाकून तो अब्राहम किबिवॉटच्या खांद्याशी आला.

किबिवॉट ८ मिनिटे ११.१५, साबळे ८ मिनिटे ११.२०.

शर्यतीच्या सरासरी वेगाने मोजलं, तर ही पाच शतांश सेकंदांची तफावत जेमतेम एक फूट भरते. तो सरासरी वेग तरी किती? ताशी सुमारे २२ किलोमीटर. चढउतारांच्या रस्त्यावर सायकलवाल्यालाही तो टिकवताना धाप लागेल. इथे तर मध्ये पस्तीस उड्या होत्या.

रौप्यपदक मिळालं, त्यासोबत नवा राष्ट्रीय विक्रमही. पण त्या दिवसाचं खरं मोल आकड्यापेक्षा धावण्याच्या पद्धतीत आहे. देशातल्या शर्यतींत साबळे बहुधा एकटाच पुढे असायचा, त्याला खेचून नेणारं कुणी नसायचं. बर्मिंगहॅमला तो केनियाच्या धावपटूंच्या चालीने धावला आणि शेवटपर्यंत लढला. जुलै २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये त्याने ८ मिनिटे ९.९१ सेकंदांत अंतर कापलं. पुन्हा राष्ट्रीय विक्रम, आणि त्या शर्यतीत क्रमांक सहावा.